ट्रेडमिलची सोयरीक

आमच्या घरात ट्रेडमिल कशी आली, हे कृपा करून विचारू नका. काही वस्तू येताना पाऊल वाजवत नाहीत आणि जाताना पंचक्रोशी जागी करतात. मी सांगणार आहे ते तिच्या जाण्याचं.

एवढंच ध्यानात घ्या, की सौंदड हे धानाचं गाव. इथला माणूस उभा राहायला शिकला की चालायलाच लागतो. धानाच्या बांधीत, तलावाच्या पाळीवर, ठेसनाकडे. अशा गावात चालण्यासाठी विजेचं यंत्र ठेवणारा मी एकटाच. समोरच्या घरचे दुर्गाप्रसादजी, रेल्वेतून निवृत्त झालेले, आल्यागेल्याला माझं घर दाखवून सांगत, "वो देखो, योगराजबाबू का मकान. दुनिया चलके कहीं पहुँचती है, अपने बाबू चलके वहीं के वहीं!" आम्ही कोहळी. जातच तलाव बांधणाऱ्यांची; बापजाद्यांनी पाणी अडवलं. मी एका कार्यालयात बसून त्या तलावांच्या फायलींवर बसणारी धूळ अडवतो. अशा माणसाच्या चालण्याची थट्टा व्हावी, हे मला लागलं. पण ते अर्धंच खरं होतं. पूर्ण खरं असं, की मी त्या ट्रेडमिलवर चालतही नव्हतो. तिच्यावर आई कोहळ्याच्या वड्या वाळत घालत असे.

खिडकीतून ऊन यायचं ते नेमकं त्या पट्ट्यावर. आई जुनं लुगडं अंथरायची, वर वड्यांच्या रांगा. दोन्ही दांड्यांवर टॉवेल. दुरून पाहिलं तर एखादी म्हातारी गाय उन्हात अंग शेकत उभी आहे असं वाटावं. गायीसारखंच तिला हलवायचं कोणाच्या मनात येत नव्हतं.

आलं ते रीताच्या. रीता म्हणजे माझी बायको. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. पाहुण्यांनी घरं फुलतात, दंडारी नि नाटकं उभी राहतात, आणि प्रत्येक बाईला नवी साडी फॉल लावूनच नेसायची असते. अर्ध्या गावाच्या साड्यांना रीता हातानं फॉल लावते. वाकून वाकून तिची मान धनुष्य झाली होती. तिला हवी होती पिको-फॉलची मोटरवाली मशीन. आणि मशीन ठेवायला ती उन्हाची खिडकी.

"हे पाहा जी," ती म्हणाली, "एक त तुमी याच्यावर चाला, नाहीत याले चालतं करा. विका, आन् त्याच पैशात मले मशीन आणून द्या. गोंदियाच्या एका बाईनं जुन्या सामानाच्या अ‍ॅपवर टाकली हाय. टीना नाव हाय. रविवारपर्यंत थांबतो म्हणते, मंग दुसरी पार्टी घेऊन जाईन."

"रविवारच्या आत विकतो," मी म्हणालो. नवऱ्यानं बायकोला दिलेली वचनं पाण्यावरच्या रेघेसारखी असतात म्हणतात. पण मी तलावांच्या खात्यातला माणूस, पाण्यावरच्या रेघांची मला सवय आहे.

त्याच अ‍ॅपवर मी जाहिरात टाकली. फोटो काढला, किंमत लिहिली, खाली दोन ओळी वर्णन. तासाभरात उत्तर आलं: 'आपली जाहिरात नाकारण्यात आली आहे. येथे घरगुती खाद्यपदार्थ विकता येत नाहीत.'

वड्या काढायच्या राहिल्या होत्या.

मी तक्रार केली, की साहेब, खाद्यपदार्थ वर आहे, विकायचं ते खाली आहे. उत्तर आलं, 'आपल्या प्रतिसादाबद्दल आभार.' पुन्हा लिहिलं. पुन्हा आभार. हे ऐकून दुर्गाप्रसादजी रस्ता ओलांडून आले. फुकटचा सल्ला द्यायला त्यांना कधी सिग्नल लागत नाही.

"बाबू, खाली मशीन का फोटो कौन देखता है? चलता हुआ माल दिखाओ. आप ऊपर दौड़ो, मैं फोटो खींचता हूँ."

मला ते पटलं. आता वाटतं, पटायला नको होतं. वड्या सुपात भरून सूप मागे स्टुलावर ठेवलं. मी इस्त्रीची पँट घालून पट्ट्यावर उभा राहिलो. एका हातात मोबाईल धरून दुर्गाप्रसादजींनी दुसऱ्या हातानं बटण दाबलं. ज्यांनी जन्मभर मालगाड्या सोडल्या, त्यांना पॅसेंजरचा वेग काय ठाऊक! मी पाचेक पावलं छान धावलो. सहाव्याला जमीन माझ्या आधी निघून गेली. मी मागच्या मागे सुपात बसलो.

"क्या एक्शन आया है!" दुर्गाप्रसादजी म्हणाले आणि माझ्या हरकतीआधी त्यांनी तोच फोटो चढवला. अ‍ॅपनं तो विनातक्रार स्वीकारला. माझ्या खालच्या वड्या बहुधा ओळखण्याच्या पलीकडे गेल्या होत्या. आई मात्र दिवसभर सूप झटकत बसली. वड्यांचं दुःख मोठं असतं.

मग निरोपांचा पाऊस लागला. 'अव्हेलेबल है क्या?' मी लिहायचो, 'हो.' पुढे शांतता. 'लास्ट प्राइस?' मी लिहायचो. पुढे शांतता. एकानं विचारलं, मोटर तेवढी काढून देता का, धान उडवायच्या पंख्याला लावतो. एकानं बदल्यात दोन शेळ्या देऊ केल्या आणि शेळ्यांचे फोटोही पाठवले. शेळ्या माझ्यापेक्षा बऱ्या उभ्या होत्या. एका अनोळखी गृहस्थाने तर फक्त एवढंच लिहिलं: 'भाऊ, लागलं त नाही ना?' इतक्या मोठ्या जाळ्यात तेवढा एकच माणूस मला माणूस वाटला.

तरी खरी गिऱ्हाइकंही आली. आणि इथून गोष्ट आईच्या हातात गेली.

आमच्या आईला, यशोदाबाईंना, अनोळखी माणूस ही चीजच मान्य नाही. तिच्या लेखी जगात दोन प्रकारचे लोक: सोयरे, आणि ज्यांना सोयरपण विचारायचं राहून गेलं आहे असे. दारात कोणी आलं की पाण्याचा गडवा पुढे करते आणि गडवा रिकामा व्हायच्या आत त्या माणसाचं आडनाव, त्याच्या आईचं माहेर, माहेरच्या विहिरीवरचं झाड, इथवर पोचलेली असते.

पहिला आला दुधराम, अर्जुनीकडचा. फोनवर भाव ठरलेला. खिशात पैसे घेऊनच आला होता. यंत्र पाहिलं, बटण दाबलं, खूश झाला. तेवढ्यात गडवा आला.

"आडनाव काय गा, बापू?"

"डोंगरवार, माय."

"डोंगरवार? मंग तुजी माय कोणाकडची? लंज्यांची त नाही?"

"हो जी, लंज्यांचीच."

"आवं माय! मंग तू त आमच्या कौसल्येच्या जावेचा भाचा होस!" आणि माझ्याकडे वळून, "काऊन रे, सोयऱ्याजवळून पैसे घेऊन राहिला का तू? लाज हाय का नाही?"

मी म्हणालो, "आई, हा व्यवहार आहे."

"व्यवहार बजारात. हे घर होय."

खरी पंचाईत दुधरामची झाली. पैसे दिले तर नात्याचा अपमान, फुकट नेली तर लोक काय म्हणतील! त्यानं नोटा खिशात परत ठेवल्या. "राहू द्या, भाऊ. सोयऱ्याच्या घरून फुकट नाही नेववत, आन् विकत त मायनं नेऊच नाही दिली." जेवूनच उठला. आईनं त्याच्या खांद्यावर नवा दुपट्टा टाकला, हातात वांगी दिली आणि मंडईचं आवतण दिलं. ट्रेडमिल जागेवरच.

दुसरा कामठ्याचा मुन्ना. त्याचं आडनाव ऐकून मी मनात नारळ फोडला. तो पोवार, आम्ही कोहळी. ना रोटी, ना बेटी, ना जावेचा भाचा. पण आई कुठे खचते! तिनं नातं सोडलं आणि गाव धरलं. मुन्नाच्या आईचं माहेर आमच्याच सौंदडला, ठेसनामागे निघालं. "मंग तू गावचा भाचा झाला का नाही? भाच्याजवळून मामानं पैसे घ्यावे का?" ज्या गावात मी नोकरी करून कर भरतो, त्या गावानं एका वाक्यात मला मामा केला. मुन्ना वड्यांची पुडी घेऊन गेला.

आता मी हुशार झालो. तिसरं गिऱ्हाईक हिमांशू, सडक अर्जुनीला व्यायामशाळा काढणारा, कानात बाळी, आवाजात नागपूर. तो यायच्या वेळी मी आईला भजनाला पाठवून दिलं. दार उघडं ठेवून बसलो. लांबून मोटरसायकल आली. पुढे हिमांशू. मागे आई, मांडीवर त्याची बॅग घेऊन.

"आजीलाच पत्ता विचारला, सर," तो हरखून म्हणाला. "काय गंमत बघा, आमची आजी नि या एकाच गावच्या!" मग आवाज खाली आणून, "पैशाचं आजी नको म्हणतात. फुकट नेली तर मम्मी मला घरात घेणार नाही. जाऊ द्या, सर."

तोही दुपट्टा घेऊन गेला. ट्रेडमिल सोडून घरातल्या बाकी वस्तू मात्र भराभर जात होत्या.

 त्या संध्याकाळी रीता भांडली असती तर बरं झालं असतं. ती खिडकीशी, ट्रेडमिलच्या दांडीला टेकून बसली आणि कोणाच्या तरी साडीला हातानं फॉल लावू लागली. तिची सुई काठातून अशी जात होती, जशी रागावलेली सून माहेराला निघते. न बोलता, न वळता, सरळ. बाहेर कापलेल्या धानाचा वास दाटला होता. थोड्या वेळानं तिनं सुई थांबवली, डोळे चोळले आणि पुन्हा सुई घातली. त्या डोळे चोळण्यानं मला जेवढं बोलून घेतलं, तेवढं कोणत्याच साहेबानं बोललेलं नाही.

आणि मग, मित्रहो, माझ्या डोक्यात उजेड पडला. असा उजेड आमच्या घराण्यात पूर्वी फक्त तलावाची जागा शोधताना पडत असे. जी जीभ विकताना बुडवते, ती विकत घेताना का तारणार नाही? सोयरे शोधणारा माणूस दुकानावर बसवला तर दुकान जाईल, पण तोच गिऱ्हाईक म्हणून नेला तर?

"आई," मी म्हणालो, "रविवारी गोंदियाला येतेस का? एका बाईकडे जायचं आहे."

"कोणाची कोण ते?" आईचे डोळे चमकले.

"तेच तर कोणाला माहीत नाही," मी म्हणालो.

रविवारी आम्ही तिघं गाडीत बसलो. रीताच्या पर्समध्ये तिची शिलाईची बचत होती, मशीनच्या किमतीपुढे अगदीच काटकुळी. आईच्या पिशवीत सोयऱ्याकडे रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून नव्या वड्या. सोयरे अजून ठरायचे होते, वड्या ठरलेल्या होत्या.

रेलटोलीत तिसऱ्या मजल्यावर टीनाचं घर. टीना तरतरीत, बोलायला गोड आणि भावाला दगड. सोफ्यावर तिचा नवरा भुपेंद्र बसला होता. त्याच्या शर्टाची खालची बटणं आपलं आयुष्य ओढून धरत होती. कोपऱ्यात मशीन, नवीकोरी, पांढरी, तलावावर उतरलेल्या बगळ्यासारखी. रीतानं तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोट पदराला पुसलं, जणू आपलाच डाग लागेल.

"रेट फिक्स है, दीदी," टीना म्हणाली. "पहले ही बोल दिया, बुरा मत मानना."

मी आईकडे पाहून मान हलवली. तोफेला बत्ती दिली.

"बाई, तुजं माहेर कोणतं?"

"रायपुर, आंटी."

आई थबकली. "आन् सासर?"

"राजनांदगाँव."

"मंग तिकडे कोणी लंजे, गहाणे, पुस्तोडे..."

"नहीं आंटी, उधर तो सब साहू, वर्मा हैं."

"जावईबापूची मावशी-फुई कोणी इकडे?"

"सब बिलासपुर में," भुपेंद्रनं पोटावरून हात फिरवत सांगितलं.

आईला मी जन्मात पहिल्यांदा गप्प झालेलं पाहिलं. राज्य बदललं, भाषा बदलली, नात्याचे सगळे रस्ते छत्तीसगढच्या सीमेवर, सालेकसा-दरेकसाच्या जंगलात जाऊन संपले. माझा उजेड विझला. रीतानं पर्सची चेन लावली. तो चेनचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आईनं उठता उठता पिशवीतली पुडी टीनाच्या हातात दिली. "घे बाई, घरच्या होत. आणलेलं परत नाही नेत."

एवढ्यात आतल्या खोलीतून टीनाची सासू आली. सुमित्राबाई, ठेंगणी, हातभर बांगड्या, पाय दुखरे. तिनं पुडी उघडली, एक वडी नाकाशी नेली आणि ओरडलीच, "अरे दाई! ये तो रखिया बरी आय! मोर गाँव के बरी!"

आमचा कोहळा तो त्यांचा रखिया, आमची वडी ती त्यांची बरी. गाव सुटल्यापासून तिला कोणी करून घातली नव्हती. सूनबाई पाकीट आणत. दोघी म्हाताऱ्या खाली फरशीवर बसल्या. एकीची छत्तीसगढी, एकीची झाडीबोली. पण डाळ किती भिजवायची, कोहळा कसा किसायचा, ढगाळ आभाळाला कोणत्या शिव्या द्यायच्या, यात एका शब्दाची अडचण पडली नाही. दोन ओढे वेगवेगळ्या डोंगरांतून यावेत आणि सखल जागा दिसताच एकमेकांत मिसळावेत, तसं ते बोलणं मिसळत गेलं. आम्ही चौघं सोफ्यावर पोरक्यासारखे.

शेवटी सुमित्राबाई म्हणाली, "तोर नाव का हे, बहिनी?"

"यशोदा."

"त अब ये नाव नइ लेवंव. चल, महापरसाद बदबो."

मला कळेना. टीनानं समजावलं. त्यांच्याकडे ही रीत आहे; दोन जीव जुळले की देवासमोर महाप्रसाद बदतात. मग त्या जन्माच्या सोयऱ्या. एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, 'महाप्रसाद' म्हणूनच हाक मारायची, आणि सुखदुःखात घरच्यासारखं धावून जायचं.

आई माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर काय तेज होतं! जन्मभर ती नाती शोधत आली. नातं नसलं तर बांधता येतं, हे तिला आज कळत होतं. तलाव सापडत नसेल तर पाळ घालावी, हे कोहळ्याच्या लेकीला सांगायला हवं होतं का?

देव्हाऱ्यातून जगन्नाथपुरीच्या प्रसादाच्या सुक्या भाताची पुरचुंडी आली. दोघींनी एकमेकींना कुंकू लावलं, नारळ बदलले, भाताचा दाणा एकमेकींच्या तोंडात घातला. "सीताराम, महाप्रसाद." "सीताराम जी, महापरसाद." मीही नकळत हात पुढे केला. पण मला भात कोणी दिलाच नाही.

मग सुमित्राबाईनं मशीनकडे बोट केलं. "बहू, उठा दे. महापरसाद के बहू से पइसा लेबो का?"

टीनाचा चेहरा पांढरा पडला. त्याहून रीताचा. "नाही जी माय," ती पटकन म्हणाली, "फुकट मी नाही नेणार." सुमित्राबाई पैसे घेईना, रीता फुकट घेईना. टीना सासूपुढे बोलेना. तीच जुनी गाठ! दुधराम, मुन्ना, हिमांशू एकामागून एक माझ्या डोळ्यांसमोरून दुपट्टे उडवत गेले.

पण या वेळी मी भुपेंद्रकडे पाहिलं. त्याच्या बटणांकडे पाहिलं. आणि मी, योगराज परशुरामकर, उभा राहिलो.

"सोयऱ्यात विकत घेणं नाही, फुकट घेणं नाही. बरोबर?" मी विचारलं. "पण आहेर तर आहे ना? तुम्ही आमच्या घराला मशीनचा आहेर करा. आमच्याकडून तुमच्या मुलाला चालायच्या यंत्राचा. आहेराला आहेर! पैशाचं नावच नको."

 मग टीनानं टाळी वाजवली. "ट्रेडमिल? माँजी, डॉक्टर कब से बोल रहे हैं इनको चलने के लिए! मैं तो ऐप पर वही ढूँढ रही थी! एक फोटो आया भी था, कोई आदमी सूप में गिरा पड़ा था..."

"ते मीच," मी मान ताठ ठेवून म्हणालो. त्या फोटोनं माझा जो काही मान घालवला होता, तो त्या दोन शब्दांनी व्याजासकट परत आला.

दोघी महाप्रसाद आनंदानं एकमेकींना टेकल्या. रीता हसली. त्या खोलीत नाराज फक्त भुपेंद्र होता, पण त्याला कोणी विचारलं नाही.

दोन दिवसांनी पिकअप गाडी आली, तेव्हा आईनं ट्रेडमिलला हळदकुंकू लावलं. दुर्गाप्रसादजींनी झेंडूची माळ घातली आणि शिट्टी वाजवून गाडी सोडायची परवानगी दिली. गाडी हलली तशी आई आपसूक गायला लागली:

चाले चाले माझी लेक, वाट काही सरेना,
उभ्या जागी कोस गेले, गाव काही येईना.
आज निघाली सासरी, गोंदियाच्या वाटेवरी,
जावई चालो रोज रोज, पोट राहो दूरवरी.

बाया हसता हसता डोळे पुसत होत्या. मी अ‍ॅप उघडून 'विकली गेली' हे बटण दाबलं. अ‍ॅपनं विचारलं, 'कितीला?' तो रकाना मी मोकळा सोडला. अ‍ॅपनं माझे आभार मानले.

खिडकीत आता मशीन आहे. मोटर सुरू झाली की धानावरून पाखरांचा थवा उठावा तसा आवाज होतो. मंडईच्या आदल्या दिवशी आईनं सुमित्राबाईनं दिलेली साडी रीतापुढे ठेवली. रीतानं फॉल लावला, पिको केला, घडी घालून दिली आणि म्हणाली, "साठ रुपये झाले, आई."

 मी छताकडे पाहिलं.

"माझ्याजवळून?" आई म्हणाली. "मी कोण लागते तुजी?"

"सासू लागता. म्हणून त रेशमी धागा लावला." रीताचा हात तसाच पुढे होता.

आईनं त्या हाताकडे पाहिलं. मग काठावरची शिवण उन्हात धरून पाहिली, अंगठ्यानं ओढून पाहिली. पदराची गाठ सोडली आणि पैसे त्या हातावर ठेवले. साडी छातीशी धरून ती ओसरीवर गेली, आणि समोरच्या दुर्गाप्रसादजींच्या बायकोला साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाह्यलं का वो बाई? आमची सून सोयऱ्याजवळूनबी पैसे घेते! कामच तसं हाय तिचं!"